उभ्याचं दुखणं

द्वारकाला खोटं बोलता येत नसे. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाही. गावात अशी एक बाई असली की नोकरी करणाऱ्या माणसाच्या डोक्याला ताप असतो, आणि मी त्या गावात नऊ वर्षं नर्स होते.

महागावहून आत अकरा किलोमीटरवर आमचं उपकेंद्र. दोन खोल्या, एक पलंग, एक वजनकाटा आणि मी. एकदा जिल्ह्यावरून साहेब तपासणीला येणार होते. मी आठ दिवस बसून रजिस्टरं नीटनेटकी केली आणि गावातल्या चार गरोदर बायका बोलावून ठेवल्या. त्यात द्वारका, चौथ्या खेपेची. साहेबांनी आपलं सहज विचारलं, "रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या का? खाल्ल्या सगळ्या?" तिघींनी माना हलवल्या. द्वारका म्हणाली, "भेटल्या ना साहेब. चार खाल्ल्या. तोंड कडू पडे, म्हणून बाकीच्या कोंबड्याच्या खुराड्यावर ठेवल्या हायत." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

ते गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "अगं, एक हो म्हटलं असतं तर तुझं काय गेलं असतं?"

ती खरोखर बुचकळ्यात पडली. "त्याईनं मले विचारलं. हाय ते हाय, नाही ते नाही. मंग काय सांगाचं होतं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने त्या गोळ्या इमानदारीत खाल्ल्या, आणि आज कितवी खाल्ली ते रोज उपकेंद्राच्या दारावरून जाताना ओरडून सांगितलं. सगळ्या गावाला तिच्या गोळ्यांचा हिशोब पाठ झाला होता.

उंच, हाडापेराने मोठी, आवाज तर या बांधावरून त्या बांधावर जाणारा. घरची चार एकर जमीन, त्यात कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. कापूस वेचण्यात तिच्या हाताला हात लावणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. आमच्याकडे पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि मग वेचायला सुरुवात होते. द्वारकाचा हात चांगला म्हणून पहिला कापूस वेचायला तिला चार घरची माणसं बोलवायची. ती जायची, तोंडभर बोलायची, आणि कोणाच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, बोंडअळी दिसली तर नैवेद्यासमोरच सांगून मोकळी व्हायची. तरी लोक पुढच्या वर्षी बोलवायचेच.

वेचणी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कमरेला फडकं बांधून त्याची पोटासमोर झोळी करायची. दोन्ही हातांनी वेचायचं आणि झोळीत टाकत जायचं. झोळी भरली की शेताच्या कडेला जाऊन गाठोड्यात ओतायची आणि परत ओळीत शिरायचं. सकाळी आठपासून दिवस कलेपर्यंत बाई उभी किंवा वाकलेली, आणि ओझं सगळं ओटीपोटावर. मी हे वर्षानुवर्षं पाहत होते. पाहणं आणि दिसणं यात फरक असतो, तो मला फार उशिरा कळला.

तिच्या दुखण्याचा पत्ता मला लागला तो तिच्या घरातल्या भिंतीवरून. धाकटा पोरगा आठ-नऊ महिन्यांचा झाला होता, त्याचं वजन घ्यायला गेले होते. भर दुपार. सासू अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून म्हणाली, "जा, पाहा तुमची लाडकी. दिवसाढवळ्या पाय वर करून निजली हाय." आत गेले तर द्वारका जमिनीवर उताणी, आणि पाय भिंतीला उभे लावलेले. भिंतीवर तळपायांचे दोन काळपट डाग पडले होते. एका दिवसात पडणारे डाग नव्हते ते.

"काय होतंय गं?"

"दुखते." ती उठली नाही. "बेंबीच्या खाली, डाव्या अंगाले जास्त. कोनं आतून पाण्यानं भरला गुंड लटकवला असं वाटते. सकाळी नसते. दुपारी चढते, दिवस बुडता बुडता तर उभं राहवत नाही. निजली का उतरते. पाय वर केले का लवकर उतरते."

"केव्हापासून?"

"तिसऱ्यापासून थोडं थोडं. याच्यानंतर लय. पाळीच्या आधी चार दिवस तर इचारूच नका." आणि मग आवाज जराही खाली न आणता, "मालक जवळ आले का दुसऱ्या दिवशी जास्त दुखते."

बाहेर सुपाचा आवाज थांबला. सासू खाकरली. मी घाईघाईने पोराला काट्यात घातलं.

मी तिला दुखण्याच्या गोळ्या दिल्या. लघवी तपासली, अंगावरून जातं का विचारलं, जंताची गोळीही दिली. माझ्या पेटीत जे होतं ते सगळं दिलं. गोळीने तास-दोन तास बरं वाटायचं आणि मग होतं तेच. ती येऊन प्रामाणिकपणे सांगायची, "नाही थांबलं, सिस्टर." दर वेळी मला वाटायचं, ही बाई माझीच परीक्षा घेते आहे.

आता त्या घराकडून पाहा. सून सकाळी उठते ती ठणठणीत. भाकरी थापते, पाणी भरते, बोलते, हसते. शेतात जायची वेळ झाली, दोन ओळी वेचून झाल्या, की हिचं पोट दुखतं. घरी येऊन पडली की तासाभरात चेहरा परत खुलतो. सासू मला म्हणायची, "काम निघालं का दुखते, काम सरलं का थांबते. असं कोणतं दुखणं असते बाई?" कामाने चढणारं आणि पडल्यावर उतरणारं दुखणं म्हणजे कामचुकारपणाचं हुबेहूब रूप. द्वारका त्यात अडकली होती. तिने सहन करून काम केलं तर लोक म्हणत, पाहा, करता तर येतं. आणि ती पडली तर म्हणत, पाहा, पडलीच.

नवरा दिनकर. तो वाईट नव्हता, गप्प होता. तिचं गाठोडं तो स्वतः उचलायचा, पण तिच्याबद्दल कोणी काही बोललं तर ऐकून घ्यायचा. एकदा उपकेंद्रात येऊन पंधरा मिनिटं नुसता उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "इचं मले समजूनच नाही राह्यलं, सिस्टर." मी म्हटलं, मलाही नाही. तो बरं म्हणून निघून गेला.

मग मी मनावर घेतलं. मनावर घेतलं की मी कोणाचं ऐकत नाही, हा माझा जुना रोग. यवतमाळच्या एका दवाखान्यात माझ्या ओळखी होत्या, आणि मला माझ्या ओळखींचा भारी गर्व. तिला घेऊन गेले. एसटीत मागची लांब सीट धरून तिला आडवं केलं. दवाखान्यात पोचल्यावर ओळखीच्या नर्सला सांगून वॉर्डातला रिकामा पलंग मिळवला, तिला निजवलं, पायाखाली घोंगडीची गुंडाळी दिली. "नंबर यायला वेळ आहे, तोवर पडून राहा," म्हटलं. बाकीच्या बाया बाहेर रांगेत तिष्ठत होत्या आणि माझी पेशंट आरामात पडली होती. मला आपलं फार बरं वाटलं.

दोन तासांनी बोलावणं आलं. डॉक्टरांनी तपासायच्या टेबलावर निजवून पोट दाबून पाहिलं. "आता दुखतं का?"

"आता नाही, डाक्टर साहेब."

मी मागून तिला चिमटा काढला. ती मान वळवून मोठ्याने म्हणाली, "चिमटे कायले काढता, सिस्टर? आता नाही दुखत तर नाही म्हणलं."

डॉक्टर हसले. सोनोग्राफी लिहून दिली, तीही निजवूनच झाली. सगळं नॉर्मल. असं आम्ही दोन वर्षांत तीनदा केलं. तीन वेळा मी तिला झोपवून नेलं, तीन वेळा तिने खरं सांगितलं, आणि तीन वेळा आम्ही कोरा रिपोर्ट घेऊन घरी आलो. तिसऱ्या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, घरात काही ताणतणाव आहे का बघा. मनाचं असावं."

तो रिपोर्ट मी तिच्या ओसरीत बसून सगळ्यांना वाचून दाखवला. चांगली बातमी आहे, काळजीचं काही नाही, असं वर म्हटलं. सासूने तो कागद घडी करून कॅलेंडरच्या मागे खोचला, आणि पुढे कोणी पाहुणी आली आणि सुनेचा विषय निघाला की ती तो काढून दाखवायची. वाचता तिला येत नव्हतं. "यवतमाळच्या डाक्टरनं लिहून देल्लं हाय, काहीच नाही म्हणून," असं ती सांगायची. त्या दिवाळीला घराला रंग दिला. त्यानंतर भिंतीवर पायाचे डाग पडले नाहीत. द्वारका आता कापसाच्या खोलीत जायची. छताला लागलेल्या गंजीवर चढून, दार लोटून, तिथे पडायची. एकदा मी तिला तिथून बाहेर येताना पाहिलं. केसांना, लुगड्याला, भुवयांनासुद्धा कापूस चिकटलेला. काय करत होतीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "लपून निजली होती." त्या वर्षापासून पहिल्या वेचणीला तिला कोणी बोलावलं नाही.

मग तालुक्याला एका खाजगी डॉक्टरने सांगितलं, गर्भपिशवी काढून टाका. चार लेकरं झाली, आता काय करायची आहे? आमच्याकडे पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालं आहे. गल्लीत चार बायका सापडतात, चाळिशीच्या आत काढून बसलेल्या. घरचे तयार झाले. द्वारका तेवढी तयार होईना. ती तीन दिवस विचार करत होती आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"सिस्टर, पिशवी काढल्यावर दुखणं थांबन का? हो का नाही, येवढंच सांगा."

मला माहीत नव्हतं. खरं उत्तर तेच होतं, मला माहीत नाही. पण मी तिच्या त्या दुखण्याला कंटाळले होते. डॉक्टर एवढं शिकलेला माणूस, तो सांगतोय म्हणजे असेलच काहीतरी, असंही वाटलं. आणि ती दारात उभी होती. मी म्हटलं, "थांबेल."

तिने एका शब्दाने उलट विचारलं नाही. जी बाई स्वतः कधी खोटं बोलत नाही, तिला दुसऱ्याचं खोटं ओळखता येत नाही.

ऑपरेशन झालं. सव्वा महिना ती पडून होती, आणि दुखलं नाही. कसं दुखणार? पडूनच तर होती. पण तेव्हा कोणाच्या डोक्यात हे आलं नाही, माझ्याही नाही. ती खूश, दिनकर खूश, सासूने मला घरी बोलावून वडेपुरी खाऊ घातली. द्वारका हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुमी सांगितलं तसंच झालं."

पुढे वेचणी लागली. तिसऱ्या दिवशी ती झोळी सोडून ओळीतच खाली बसली. तेच दुखणं, त्याच जागी.

आता तर तिला तोंडच राहिलं नाही. सासू म्हणाली, "आता पिशवीच नाही, तर दुखते काय?" शेजारणीही तेच म्हणाल्या, दिनकरही पहिल्यांदाच तोंड उघडून तेच म्हणाला. आणि मीही मनात तेच म्हटलं. हे सांगताना लाज वाटते, पण तिच्याबद्दल सांगायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे बरोबर नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी चार दिवस ट्रेनिंगला गेले होते. द्वारकाला शेतात असह्य झालं तेव्हा ती उपकेंद्रात आली, दाराला कुलूप. ती तशीच दिनकरला घेऊन निघाली. गाडीला गर्दी, यवतमाळपर्यंत उभी. दवाखान्यात ना ओळख ना पलंग. कागद काढायला रांग, तपासायला रांग. अडीच-तीन तास उभी राहून ती आत गेली तेव्हा घामाने चिंब होती, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरलेली. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी निज म्हटलं नाही. विचारलं, "निजल्यावर थांबतं का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने आपण होऊन सांगितलेलं मी ऐकलं होतं, पण ऐकून सोडून दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला उभी ठेवूनच मांड्यांच्या मागच्या फुगलेल्या निळ्या शिरा पाहिल्या, मग तशीच उभी ठेवून, तिला श्वास कोंडायला लावून सोनोग्राफी केली, रक्ताचा प्रवाह दाखवणारी. आणि सापडलं.

मी परत आले त्या सकाळी ती माझी वाट पाहत उपकेंद्राच्या ओट्यावर बसली होती. तिने जे सांगितलं ते माझ्या पुस्तकी भाषेपेक्षा चांगलं होतं.

"आपल्या विहिरीवरच्या मोटरीचा वॉल कसा असते, पाणी वर चढवते आन् मांघं येऊ देत नाही? तसे नसाईले बी वॉल असतात म्हणे. बाळंतपणात नसा ताणल्या का ते ढिले पडतात. मंग उभं राह्यलं का रक्त मांघं येते आन् खाली साचते. नसा फुगतात, ओटीपोटात, आतून. तेच दुखते. निजलं का रक्त वाहून जाते, नसा रिकाम्या. पिशवीचा काही गुन्हा नव्हता, सिस्टर."

मी म्हटलं, "बरं झालं सापडलं."

"हो ना. तुमी नव्हत्या म्हणून सापडलं. तुमी असल्या का मले निजवून ठेवत होत्या."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी दोन शब्द परत बोलले असते. ती फक्त घडलं ते सांगत होती. मी आत जाऊन उगाच कपाट उघडलं आणि तिथेच उभी राहून रडले.

इलाज नागपूरला होता. मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी घालायची आणि बिघडलेल्या नसा आतून बंद करायच्या. पोट फाडायचं नाही. बहुतेकींना आराम पडतो, सगळ्यांना नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. द्वारकाला वाटलं, झालं, सुटले. पण दिनकरने त्यांना आणखी एक प्रश्न विचारला होता, "जिवाले धोका नाही ना?" त्या म्हणाल्या होत्या, जिवाला नाही. तेवढं वाक्य घराने पकडलं. आधी तूर निघू दे, मग नणंदेचं लग्न होऊ दे, मग पेरणी. जिवाला धोका नाही ना, मग एवढी घाई काय? दुखण्याला नाव मिळालं, आणि ती होती तिथेच राहिली. सासूने कॅलेंडरमागचा कागद काढून चुलीत घातला, एवढाच फरक पडला.

सात-आठ महिने गेले. एकदा जेवणं चालू असताना तिने ताटावर सगळ्यांसमोर दिनकरला विचारलं, "तुमाले माह्यं दुखणं खरं वाटते का नाही? नाही वाटत असन तर तसं सांगा, मी पुन्हा इचारत नाही." दिनकर जेवण अर्धं टाकून उठला. दोन दिवसांनी तो नागपूरला जाऊन तारीख घेऊन आला. हे मला तिनेच सांगितलं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते महागावच्या स्टँडवर. माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मुकुटबनकडे झाली होती, आणि मी कागदपत्रं सोपवायला तालुक्याला आले होते. नागपूरची गाडी लागलेली. दिनकरने खिडकीतून रुमाल टाकून दोघांची जागा धरली होती, तिला पाय दुमडून आडवं होता यावं म्हणून. तो सीटजवळ उभा होता आणि द्वारका वरचा दांडा धरून मधे. सीटवर त्यांची थैली.

मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, "अगं, जागा आहे ना? आडवी हो."

"नाही होत. उभीच जाते."

"नागपूरपर्यंत?"

"निजली का उतरन. मंग तिथले डाक्टर म्हणतीन, काहीच नाही." तिच्या कपाळावर आत्ताच घाम आला होता. "दुखू द्या. त्याईले दिसलं पायजे."

मी म्हटलं, "द्वारका, तिथे नसेत औषध सोडून पडद्यावर सगळं पाहतात. निजून गेलीस तरी दिसतं. तुझे कागद आहेत सोबत. मी सांगते ना."

ती खिडकीपर्यंत वाकली. तिचा तो मोठा आवाज तिने माझ्यासाठी बहुधा पहिल्यांदाच लहान केला. "सिस्टर, पिशवी काढल्यावर थांबन, हे बी तुमीच सांगितलं होतं."

कंडक्टरने घंटी दिली. दिनकर तिला बस म्हणून खुणावत होता, ती मान हलवत होती. गाडी स्टँडच्या फाटकातून वळली तेव्हा मागच्या काचेतून ती दिसली, दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखी, आणि तिच्या बाजूला दिनकर, तोही उभा.

दिनकरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. नागपूरला काय झालं, तिला आराम पडला का, हे विचारायला एक मिनिट लागेल. मी अजून फोन केलेला नाही. विचारलं तर ती जे असेल ते सांगेल.